शकूचं एक वर्ष

माझी धाकटी बहीण शकू हिला १९५६च्या जूनमध्ये बालवर्गात घालायचं की वर्षभर थांबायचं, यावर आमच्या घरात माघापासून वैशाखापर्यंत बोलणं चाललं. तेवढ्या काळात बाहेर एक अख्खं राज्य मोडायची तयारी झाली. हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलुगू जिल्हे शहरासकट आंध्राकडे जाणार होते. त्या वर्षांविषयी जे काही छापलेलं मी पुढे वाचलं, त्यात लोकांना दुसरा विषयच सुचत नव्हता असं असतं. आमच्या घरात सुचत होता. राज्य कुठे जायचं ते जाईल, त्यावर आमचं काही चालणार नव्हतं. शकू कुठे जाणार यावर चालणार होतं, म्हणून वाद तिच्यावरून झाला.

आम्ही काचीगुड्याला, स्टेशनामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. इंजिन डबे जोडायला लागलं की फळीवरच्या वाट्या किणकिणत, आणि आम्ही बोलता बोलता आवाज चढवत असू. इंजिन गेलं तरी आवाज खाली यायला वेळ लागे. त्यामुळे आमच्याकडे सारखी भांडणं होतात असं खालच्यांना बरीच वर्षं वाटत होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, नांदेडकडच्या एका खेड्यातले. घरी शेती होती. शिकून शहरात नोकरीला लागलेले त्या घरातले ते पहिलेच. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. महसुलाच्या दफ्तरात जमिनीचे जुने कागद ते झरझर वाचत, आणि मराठी वर्तमानपत्र मात्र ओठ हलवत, बोटाने एकेक ओळ धरून. आमची आई, तिला आम्ही बाई म्हणत असू, मराठी चौथी झालेली. तिचं वर्तमानपत्र आधीच वाचून झालेलं असे. अण्णा वाचायला बसले की ती चुलीपाशी बसल्या बसल्या त्यांना पुढची बातमी सांगून टाकी. अण्णांना हे आवडत नसे. ती सांगायची थांबत नसे.

बोलण्याची वेळ संध्याकाळच्या भाकरीची. अण्णा सायकल जिन्याखाली लावून वर येत, हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसत. मी अंबाडीची पानं निवडत असे, नाहीतर शेंगा फोडत असे. ज्वारीची भाकरी थापायचा एक ठेका असतो. बाईला एखादा मुद्दा पटला नाही की तो ठेका बदलायचा. अण्णांना तो ओळखू येत होता. कधी कधी ते वाक्य अर्ध्यात सोडून देत.

अण्णांचं म्हणणं थांबायचं. त्यांच्या दफ्तरातल्या प्रत्येकाकडून कागद भरून घेतला होता, नव्या राज्यांपैकी कुठे नोकरी करायला तयार आहात म्हणून. अण्णांनी लिहिलं होतं, सरकार पाठवील तिथे. हा कागद घरी दाखवला तेव्हा बाई म्हणाली होती, "ह्याला काही लिहिणं म्हणत नाहीत." आता हुकमाची वाट पाहायची होती. औरंगाबादला जावं लागेल, कदाचित नांदेडलाच, कदाचित इथेच राहू. "आज इथं नाव घालायचं," अण्णा म्हणत, "चार महिन्यांनी तबादला झाला की काढायचं. तिथं वर्षाच्या मध्ये कोण घेतं? लेकराला धड हे नाही धड ते नाही. एक साल ठहरलं तर काय बिघडतं? बालवर्ग आहे, वकिली नाही."

"हुकूम येईल तवा येईल," बाई म्हणे. "पोरगी वाढायची थांबती का तवर?"

असं फाल्गुनात झालं, चैत्रात झालं. दोघांचीही वाक्यं तीच असत. फरक पडे तो स्टेशनवरून. मनमाडची गाडी आमच्या काचीगुड्यावरूनच सुटे, त्यामुळे मराठवाड्याकडे कायमचं जाणारं ओळखीचं कुटुंब निघालं की निरोपाला आम्ही असूच. बाई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देई. प्लॅटफॉर्मवर गुंडाळलेल्या गाद्या, पाटा-वरवंटा पोत्यात घालून शिवलेला, तुळशीची कुंडी मांडीवर घेतलेली एखादी आजी. अण्णांच्या शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ असे गेले, तीन मुलांची नावं शाळेतून काढून. हुकमाआधीच त्यांनी खटपट करून बदली मिळवली होती. मधल्या मुलीचा दाखला हरवला होता आणि सामान लावायचं सोडून तिची आई तोच शोधत होती. घरी येताना अण्णा बाईला म्हणाले, "बघितलंस?" त्या आठवड्यात त्यांचं पारडं जड राहिलं.

आमची घरमालकीण खाली राहायची, तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. खालाला वाटे, तिचं मत कुणी विचारत नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ती जिन्यात उभी राहून बाईला म्हणायची, "इत्ती सी बच्ची कू मदरसे कायकू भेजते जी? खेलने देव ना."

"खेळून काय होतं, खाला," बाई म्हणे.

"मैं तो खेलीच," खाला म्हणे. "क्या हुआ मेरे कू? घर है, किराया आता." यावर बाई वर येऊन अण्णांना म्हणे, "तुमच्या बाजूनं आणखी एक जण आहे. खाली."

शकूचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती दिसायला थोराड होती, बोलायला चुरुचुरु. मराठी, खालाची दख्खनी आणि पलीकडच्या घरातली तेलुगू एकाच वाक्यात बोलायची आणि तिन्ही भाषांत हट्ट करायची. मी त्या वर्षी चौथी पास झाले होते, म्हणजे बाईच्या बरोबरीला आले होते. शकू शाळेत आली तर तिला जामबागेतल्या माझ्या शाळेपर्यंत हाताला धरून नेणं माझ्यावर येणार होतं, एवढाच माझा त्या वादाशी संबंध आहे असं मी समजत होते.

बाई इतकी हटून का बसली होती, हे मला चैत्रातल्या एका दुपारी कळलं. शेवया करत होतो. मी सहज म्हटलं, एका वर्षानं काय होतं, अण्णा म्हणतात ते बरोबर आहे. बाईने हातातलं पीठ खाली ठेवलं. ती म्हणाली, "तुला वाटतं मी चौथीत नापास झाले म्हणून शाळा सुटली? चौथीत मी पहिली आले होते. बारा वर्षांची झाले म्हणून सुटली. गावात शाळाच उशिरा आली, मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा गेले. दोन वर्षं आधी गेले असते तर सहावी झाली असती माझी." मग पुन्हा पीठ हातात घेऊन, मला नव्हे, पिठालाच सांगितल्यासारखं बोलली: पोराची शाळा इयत्तेवर संपते, पोरीची वयावर. अण्णांच्या घरातल्या मुली तेरा-चौदाच्या झाल्या की थोरले काका नांदेडहून येत आणि स्थळ सांगून जात. त्या वयात पोर कितवीत आहे हे कुणी विचारत नसे. म्हणून पोरगी जितक्या लवकर आत घालावी तितक्या इयत्ता तिच्या पदरात. आता एक वर्ष थांबलं म्हणजे शकूची शेवटची एक इयत्ता गेली. पहिली नव्हे, शेवटची.

हा हिशेब मला तेव्हा लगेच पटला, आजही पटतो. आता मी दिलसुखनगरला राहते. आमच्या इमारतीसमोर कोचिंग क्लासच्या पाट्या इतक्या आहेत की मागचं आकाश दिसत नाही. माझ्या नातीला अडीचाव्या वर्षी मुलाखत घेऊन शाळेत घेतलं. तिला घाई का, असं मी सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "सगळेच घालतात, मम्मी." बाईकडे याहून बरं कारण होतं.

वैशाखात बाईने अण्णांना न विचारता जामबागेला जाऊन प्रवेशाचा फॉर्म आणला. मी बरोबर होते. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पाच वर्षं पूर्ण पाहिजेत, आठ-पंधरा दिवस कमी असले तर चालवून घेऊ. बाईने मान डोलावली. घरी येऊन फॉर्म अण्णांसमोर ठेवला आणि म्हणाली, "भरा. हुकूम आला तर नाव काढू. न घालता काढता यायचं नाही."

अण्णांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. थकले होते, की त्या दिवशी दफ्तरात आणखी दोघांचे हुकूम आले होते म्हणून असेल, पण ते "बरं" म्हणाले. जन्मतारखेच्या रकान्यापाशी येऊन त्यांनी ट्रंकेतली वही मागवली. या वहीत ते जन्म, मृत्यू, लग्नं, सायकल घेतली तो दिवस, असं सगळं लिहीत. लिपी उर्दू आणि साल फसली. निजामाच्या दफ्तरात फसली सालच चाले. ते साल ऑक्टोबरात सुरू होई, महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. दफ्तरातून फसली जाऊन इंग्रजी तारखा येऊन काही वर्षं झाली होती, पण घरच्या वहीतलं अण्णांचं साल बदललं नव्हतं. त्यांना त्याच सालात माणूस जन्मल्यासारखा वाटे.

त्यांनी पान काढलं, ओठ हलवले, बोटांवर मोजलं आणि फॉर्मवर लिहिता लिहिता म्हणाले, "मेहेर महिना. म्हणजे येत्या ऑगस्टात सहा पूर्ण."

भाकरीचा ठेका थांबला. "कोण सहा?"

"शकू."

"शकू पाचाची होईल श्रावणात. सहा कुठून आणले?"

"वहीत लिहिलंय."

"वहीत लिहिलं असंल. पोटात मी धरली होती."

अण्णा हसले. त्यांनी पुन्हा मोजलं आणि पुन्हा सहाच आले. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. दफ्तरात रोज पन्नास तारखा अशाच बदलतो, असंही सांगितलं. बाईला त्या आकड्यांशी घेणं नव्हतं. ती म्हणाली, "आणि विमलचं काय निघतं तुमच्या वहीत?"

माझं पान निघालं. शहरेवर महिना. अण्णांच्या मोजण्याने पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, मी दोन वर्षं पूर्ण होऊन वर दोन महिन्यांची होते.

बाई परातीवरून उठली. पिठाचे हात तसेच. "पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं आपण गाव सोडलं, तुमच्या मावशीकडं गेलो. चार कोस मी हिला कडेवर नेली. भिंतीला धरून उभी राहायची तेव्हा ही. दोन वर्षांची धड पळती पोर मी चार कोस कडेवर नेली असती का? नवाबाची लेक होती का ही?"

अण्णांनाही ते चार कोस आठवत असणार, ते पुढे गाठोडं घेऊन चालत होते. त्यांनी फॉर्म वहीत ठेवला, वही मिटली आणि जेवले. दुसऱ्या दिवशी ते दफ्तरातून येताना एक छापील तक्ता घेऊन आले. रीतसर मागून आणला होता, दोन दिवसांसाठी. तक्त्यात होतं ते असं. आजूर ते बहमन, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पाचशे नव्वद मिळवायचे. जानेवारीपासूनच्या महिन्यांना पाचशे एक्याण्णव. दफ्तरात तक्ता समोर असे, त्यामुळे तिथे अण्णांचं कधी चुकलं नाही. घरी त्यांनी तोंडी हिशेब केला आणि बारा महिन्यांना नव्वदच लावले. आम्ही दोघी बहिणी पावसाळ्यातल्या, म्हणून दोघी एकेक वर्षाने मोठ्या झालो. इंग्रजी सालात जन्मलेल्याला ही चूक करताच आली नसती.

मग माझं काय झालं होतं तेही उलगडलं. माझा फॉर्म अण्णांनी शाळेतच उभ्या उभ्या, तोंडी हिशेब करून भरला होता. त्यांच्या मते मी पाचाची होत होते. बाईला ठाऊक होतं मी चाराची होते, पण शहरात चाराच्या घेत असतील असं समजून ती खूश होऊन गप्प राहिली. पाच वर्षांत दोघांनी एकमेकांना एकदाही आकडा विचारला नाही. पुढे नोकरीत तीच तारीख माझ्यामागे आली आणि कागदोपत्री मी एक वर्ष आधी म्हातारी होऊन घरी बसले. त्याचं मला फारसं वाटलं नाही. हाताखालच्या मुली मात्र हळहळल्या.

तक्ता पाहून अण्णा फॉर्मवरचं खोडायला निघाले. बाईने त्यांचा हात धरला नाही, पण आवाजाने धरल्यासारखा केला. "राहू द्या."

"काय राहू द्या?"

"लिहिलंय ते. खरं लिहिलं तर शाळा दोन महिन्यांवरून परत पाठवील. विमलचं चाललं ना? शाळेत कोण बघतंय? पोरगी थोराड आहे, सहाची शोभंल."

"तवा चुकून लिहिलं," अण्णा म्हणाले. "आता जाणून लिहू?"

"माझ्यासाठी नका लिहू. तिच्यासाठी लिहा."

अण्णांसारख्या माणसाला याहून अवघड मागणी करता आली नसती. दिवसभर लोकांच्या जमिनीच्या नोंदी खऱ्या की खोट्या हे पाहण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. मग त्यांनी जे केलं ते आमच्या घरात तोवर कुणी केलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "विमल, पहिल्या वर्षी तुला कसं गेलं?"

मी शेंगा फोडत होते. मला आधी वाटलं, मार्क विचारतायत. मग कळलं तसं नाही. मी जे होतं ते सांगितलं. अण्णा सकाळी सायकलवर मला शाळेच्या पायऱ्यांवर सोडून जात, त्यानंतर दार उघडायला तासभर असे. मी पायरीवर बसून राही, कारण उठले तर बाकी मुलींच्या मागे शेवटी पडेन अशी भीती. नळ उंच होता, म्हणून मी पाणी पीत नसे. तरीही दोन-तीनदा वर्गात कपडे ओले झाले, तेव्हा एक मोठी मुलगी तिच्या पाटीचं फडकं देई. शाळेतल्या बाई फळ्यावर काढत ते सगळ्या मुली पाटीवर काढत. मला एकेक अक्षर वेगळं दिसत नसे, सगळी एकच जाळी दिसे. दुपारी मी झोपून जाई. "पहिलं वर्ष मी नुसती बसले," मी सांगितलं. "पहिलीत पण बसलेच. दुसरीच्या दिवाळीला एकदम वाचता यायला लागलं."

"मला कधी बोलली नाहीस," बाई म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. खरोखरच कुणी विचारलं नव्हतं, आणि शाळा अशीच असते असं मी धरून चालले होते. बाई तव्याकडे वळली. भाकरी करपली होती, ती तिने बाजूला काढली, दुसरी घातली, ती पण करपली. शकू दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मी कपडे ओले करत नाही," आणि खाली खालाकडे निघून गेली.

बाईने विषय दोन दिवस काढला नाही. अण्णांनीही नाही. फॉर्म वहीतच होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अण्णांना आधी जेवू दिलं. मग म्हणाली, "पुढच्या साली घालू."

अण्णा म्हणाले, "बरं."

"बरं नाही. तिचं पुढून एक वर्ष गेलं ते मागून भरून द्या."

"म्हणजे?"

"मॅट्रिक होईपर्यंत शाळेतून काढायची नाही. कितीही वय होवो. तुमचे दादा येवोत, नाहीतर आणखी कुणी येवो."

"नाही काढणार," अण्णा म्हणाले. "सांगितलं ना."

"सांगू नका. लिहून द्या."

अण्णांना हसू आलं असावं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. सवयीने उजवीकडून डावीकडे, तीन ओळी, खाली सही आणि फसली तारीख. बाईने वही हातात घेऊन बघितली आणि परत दिली. "हे मला वाचता येतं का? मराठीत लिहा."

तेव्हा माझ्या दुरेघी वहीतलं एक पान फाडलं गेलं. अण्णांना मराठीत सही आणि पत्ता एवढंच लिहायची सवय. ते ओणवे बसले आणि दोन रेघांच्या मधे अक्षरं बसवत लिहू लागले. 'ट्रि' कसा काढायचा हे त्यांनी मला विचारलं, मी हवेत बोटाने काढून दाखवला. पाच ओळींना जवळजवळ तासाचा वेळ गेला. मजकूर असा होता: माझी मुलगी शकुंतला मॅट्रिकची परीक्षा देईपर्यंत शाळेत जाईल. तोपर्यंत तिच्या लग्नाचं बोलणं मी करणार नाही आणि कुणी केलं तर ऐकणार नाही. बाईने बोट ठेवून पुरतं वाचलं. मग तिने विचारलं, "आणि विमल?"

"विमल पाचवीत चाललीय," अण्णा म्हणाले. "तिचं तर वर्ष पुढंच आहे."

"तिचं वर्ष पुढं नाही. ते तिनं पायरीवर बसून काढलंय. नाव घाला."

जागा राहिली नव्हती. अण्णांनी शकुंतलाच्या नावाच्या वर बारीक अक्षरात माझं नाव घातलं, आणि 'मुलगी' या शब्दाचं 'मुली' केलं. बाकीची वाक्यं एकाच मुलीची राहिली. बाईला ते चाललं.

कार्तिकात हुकूम आला. उर्दू कागद वाचणारी माणसं इथल्या मुख्य दफ्तरात हवी होती, म्हणून अण्णांना हैदराबादलाच ठेवलं. म्हणजे ज्या कारणासाठी अण्णा थांबा म्हणत होते ते कारण खरं ठरलं नाही. शकू ते वर्ष घरी राहिली. खालाकडून सुपारी कातरायला आणि खोटं बोलायला शिकली, आणि पुढच्या जूनमध्ये बालवर्गात गेली ती पहिल्या दिवसापासून वर्गाची मालकीण असल्यासारखी. तिला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तिने मला कधी हात धरू दिला नाही.

शकू नववीत असताना थोरले काका आले. मी तोवर मॅट्रिक होऊन टायपिंग शिकत होते, माझ्याबद्दल त्यांनी आशा सोडली होती. दुपारचं जेवण झालं, चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला आणि स्थळ सांगितलं. परभणीकडचं, वीस एकर, मुलगा एकुलता. शकूला पंधरावं सरत आलेलं. वेळेवर शाळेत घातली असती तर ती दहावीत असती, आणि नववी तरी पदरात पडली असती. अण्णा भावासमोर खाली मान घालून बसत, तसे बसले होते. स्थळ चांगलं होतं आणि अण्णांना ते चांगलं वाटत होतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

बाई आत गेली आणि कागद घेऊन आली. काकांसमोर तिने पदर सारखा केला आणि कागद अण्णांच्या पुढे ठेवला.

"काय आहे हे?" काका म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच बरं."

अण्णांनी कागद उचलला. आपलंच अक्षर, पण मराठी. ते ओठ हलवत, बोटाने एकेक शब्द धरत वाचू लागले. विमल आणि शकुंतला. मॅट्रिकची. परीक्षा देईपर्यंत. 'कुणी केलं तर' इथे आल्यावर ते थांबले. ज्यांच्याविषयी लिहिलं होतं ते समोरच बसले होते. मग पुढचे दोन शब्दही त्यांनी वाचले.

"असं कुणी लिहून देतं का?" काका म्हणाले. "बायकोला?"

"मी दिलंय," अण्णा म्हणाले.

काकांनी आधी बाईकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. तिथे शकू भूमितीचं पुस्तक उघडून उभी होती आणि वाचत नव्हती. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि नांदेडच्या गाडीची वेळ विचारली.